आयसरांचा पहिला गठ्ठा

त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथेच राहिलं. शाळेत, गल्लीत, अगदी कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या तोंडीसुद्धा ते आयसर. नाव पोरांनी ठेवलेलं, आणि पोरांनी ठेवलेलं नाव काही केल्या जात नाही. त्याचं असं झालं, इंग्रजीच्या या मास्तरांच्या खोलीचं दार नेहमी आतून लावलेलं. बाहेरून टकटक झाली की आतून इंग्रजीत विचारणा व्हायची, कोण आहे? बाहेर उभं असलेलं बारा-तेरा वर्षांचं पोर बिचारं म्हणायचं, "इट इज मी, सर." की संपलंच! "असं कोणी माझ्या ओळखीचं नाही," आतून उत्तर यायचं. "इट इज आय, सर" म्हटल्याशिवाय कडी निघायची नाही. एकदा खुद्द मुख्याध्यापक काही कागद मागायला आले आणि घाईघाईत "इट इज मी" म्हणून बसले. त्यांनाही दोन मिनिटं बाहेर ताटकळावं लागलं म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण आयसरांना ओळखणारा कोणीही ही गोष्ट खोटी आहे असं म्हणायचा नाही.

वर्गात ते नियम हातवारे करून सांगायचे. "इज, वॉज, आर ही नुसती जोडणारी क्रियापदं. ती स्वतः काही करत नाहीत. मारत नाहीत, खात नाहीत, पळत नाहीत. गणितातलं बरोबरचं चिन्ह असतं ना, तेवढंच यांचं काम. मग डावीकडे जो मानाने बसलाय तोच उजवीकडेही मानाने बसणार. तिथे मी कुठून आणलास गाढवा? आय! हिम नाही, ही. हर नाही, शी." मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटायचं, "आपल्यात मी म्हटलं की दार उघडतं, इंग्रजीत मी म्हटलं की शून्य." सगळा वर्ग खिदळायचा. आयसर मात्र हसायचे नाहीत. या एका बाबतीत त्यांना चेष्टा खपत नसे.

अशा माणसाला पेपर तपासायला बोलावलं नसतं तरच नवल. दर वर्षी शेवटच्या वर्गाची मोठी परीक्षा झाली की एका शाळेच्या रिकाम्या सभागृहात तपासणी केंद्र उघडायचं. सहा परीक्षकांचं एक टेबल आणि प्रत्येक टेबलावर देखरेखीला एक मॉडरेटर. परीक्षकाचं पेन लाल, मॉडरेटरचं हिरवं. लाल पेनाच्या कामावर हिरवी सही पडली की चाळीस पेपरांचा गठ्ठा बांधायचा, पोत्यात भरायचा, आणि लाखवाले मामा पोत्याच्या तोंडावर गरम लाख ओतून शिक्का उठवायचे. मग ते पोतं जायचं मुख्य कचेरीत. तिथे गठ्ठ्यात चूक सापडली तर तो परत यायचा, आणि ज्याचा गठ्ठा परत आला त्याची पार शोभा व्हायची. पुढच्या वर्षी त्याला कोणी बोलवायचं नाही. एकतीस वर्षांत आयसरांचा एकही गठ्ठा परत आला नव्हता. स्वतः ते हे कधी कोणाला सांगत नसत. दुसरं कोणी सांगत असेल तर मात्र अडवायचेही नाहीत.

त्यांची पद्धतच वेगळी. बाकीचे एक पेपर उचलायचे, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत तपासायचे आणि बाजूला ठेवायचे. आयसर आधी पहिला प्रश्न चाळीसच्या चाळीस पेपरांत तपासायचे, मग दुसरा प्रश्न चाळीसांत, मग तिसरा. "असं केलं की हात सारखा राहतो," म्हणायचे. "सकाळच्या पोराला जास्त आणि दुपारच्याला कमी, असं होत नाही." शेजारच्या खुर्चीतल्यांना वैताग यायचा, कारण दिवसभर नुसती पानांची फडफड. शिवाय आयसरांची एक खाजगी खोड होती. खिशातल्या डायरीत ते दोन रकाने पाडायचे, आय आणि मी. त्या नियमाचा प्रश्न दर वर्षी यायचाच. कोणत्या पोराने काय लिहिलं त्याची एकेक उभी रेघ ते रकान्यात मारायचे. नुसतीच आवड, दुसरं काही नाही. दर वर्षी आयचा रकाना आटत चालला होता आणि त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

तर यंदाचं हे त्यांचं शेवटचं केंद्र. उन्हाळा संपला की ते शाळेतून निवृत्त व्हायचे होते. धाकट्या बहिणीने त्यासाठी नवा कोट शिवला होता. घरी दोघंच. लग्न दोघांनीही केलं नाही. कारणं वेगवेगळी होती, घर एकच राहिलं. पुढच्या खोलीत तिचं शिलाईमशीन, मागच्या खोलीत याची पुस्तकं. ती गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवायची, आणि हाताला अशी चोख की चार टाके तिरके गेले तर अख्खी शिवण उसवायची. "कोणाला दिसणार आहे?" असं गिऱ्हाईक म्हणालं तर म्हणायची, "मला दिसतंय ना."

केंद्राच्या पहिल्या दिवशी चौथा प्रश्न तपासताना काही अडचण नव्हती. रिकाम्या जागा भरा, एका जागेला एक मार्क. सातवी रिकामी जागा ठरलेली. दारात कोण आहे? इट इज, आणि पुढे रेघ. उत्तरसूचीत एकच उत्तर होतं, आय. आयसरांनी पहिल्या गठ्ठ्यातले चाळीसही पेपर सपासप तपासले. डायरीत रेघा पडल्या. आय पाच, मी तेहेतीस, दोघांनी जागा कोरी सोडलेली. तेहेतीस जणांपुढे लाल फुली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रप्रमुखांनी उभं राहून दुरुस्ती वाचून दाखवली. केंद्रप्रमुख सतत मनगटाकडे बघायचे म्हणून सगळे त्यांना घड्याळसाहेब म्हणत. "प्रश्न चार, जागा सात. आय आणि मी, दोन्ही उत्तरं ग्राह्य. आता सगळेच तसं बोलतात, असं वरून आलंय. ज्यांनी काल तपासलं असेल त्यांनी सुधारून घ्या." आयसरांचा चेहरा पडला. "दोन्ही बरोबर, मग आम्ही जन्मभर शिकवलं काय?" ते करवादले. पण हुकूम म्हणजे हुकूम. त्यांनी पहिला गठ्ठा पुन्हा पुढे ओढला, एकेका पेपराचं तिसरं पान उघडलं, फुली खोडून मार्क दिला, बाजूला सही केली, आणि डायरीतल्या त्या पोराच्या रेघेवर एक आडवी रेघ मारली. दात ओठ खात का होईना, पण नेमाने केलं.

आता शेवटचा दिवस. दुपारचे पावणेदोन. बहिणीने दिलेला डबा खाऊन झालेला, टेबल मोकळं, सगळे गठ्ठे केव्हाच पोत्यांत गेलेले. साडेतीनला आयसरांच्या निरोपाचा छोटासा कार्यक्रम, साडेचारला पोती न्यायला गाडी. बसल्या बसल्या वर्षाची बेरीज करावी म्हणून त्यांनी डायरी काढली. पहिल्या गठ्ठ्याच्या पानावर बोट फिरवलं आणि बोट थांबलं. मीच्या रकान्यात तेहेतीस उभ्या रेघा. बत्तिसांवर आडवी रेघ होती. एक तशीच उभी होती.

त्यांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा पेनाच्या टोकाने एकेक रेघ शिवत मोजलं. बत्तीस. आणि मग, उगाच नाही म्हणत लोक या माणसाला पेपर पाठ असतात म्हणून, त्यांना ती पुरवणी आठवली. सगळ्या पुरवण्या पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या, हीच एक निळ्या. त्या पोराने चौथा प्रश्न आधी सोडून दिला होता आणि शेवटी, वेळ संपत आल्यावर, पुरवणीच्या मागच्या पानावर घाईत लिहिला होता. पहिल्या दिवशी आयसरांनी तो हुडकून तपासला होता. दुसऱ्या दिवशी फक्त तिसरी पानं उघडली. तिथे चौथा प्रश्न नाही म्हटल्यावर ते धरून चालले, की हा कोऱ्या सोडणाऱ्या दोघांतला एक. ज्या पद्धतीचा एवढा तोरा, तिनेच दगा दिला.

एक मार्क राहिला. बासष्टचे त्रेसष्ट झाले असते, त्याने कोणाचं काय अडतंय? पण आयसरांना घाम फुटला होता तो वेगळ्याच आठवणीने. त्या गठ्ठ्यात दोन पेपर एकोणचाळीसवर अडले होते. चाळीसला पास. निळा दोरा त्या दोनांपैकी एकाला होता असं त्यांना वाटत होतं. वाटत होतं, खात्री नव्हती.

आणि एकोणचाळीसचा नियम तर त्यांच्याइतका कोणालाच पाठ नव्हता. असा पेपर परीक्षकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा बघायचा, वर पुन्हा पाहिले असं लिहायचं, मग मॉडरेटरने सही करायची. त्यांनी पुन्हा पाहिला होता. निबंध पाहिला, पत्र पाहिलं, उतारा पाहिला, कुठे अर्धा मार्क लपलाय का ते शोधलं. चौथा प्रश्न पाहिला नाही. तो काल धुऊन इस्त्री करून ठेवलाय, आता परत काय बघायचा, असं वाटलं. मॉडरेटर मॅडमनी हिरवं पेन उघडत विचारलंही होतं, "पूर्ण बघितले ना सर दोन्ही?" आणि हे म्हणाले होते, "पूर्ण."

मॉडरेटर मॅडम म्हणजे वीस वर्षांपूर्वीची त्यांचीच विद्यार्थिनी. त्याच बंद दाराबाहेर उभं राहून शिकलेली. चारचौघांत ते तिला मॅडम म्हणायचे, एरवी पोरी. पुढच्या वर्षी केंद्रप्रमुख तीच होणार असं सगळे बोलत होते. आयसर तिला हाताने खुणावून जिन्याखाली घेऊन गेले आणि डायरी उघडून दाखवली. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"सर, ही डायरी कोणाला दाखवलीत?"

"तुलाच."

"मग ठेवा खिशात." तिने मागे वळून पाहिलं. "पोतं सीलबंद झालंय. उघडायचं म्हणजे पंचनामा, वर अहवाल, सगळ्या टेबलांचे एकोणचाळीस परत काढायचे. तुमचं नाव परीक्षकांच्या यादीतून जाईल, आज, शेवटच्या दिवशी. आणि सही माझी आहे त्यावर. माझी, सर!"

"माहीत आहे. पण त्या पोराचं वर्ष जातंय ग."

"जातंय कशाला? निकाल लागला की फेरतपासणीचा अर्ज करेल. सोय आहे ना तेवढ्यासाठी. त्यात निघेल."

आयसरांनी डायरी मिटली. अर्ज कोण करतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं!

चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या घरात एक एकोणचाळीस आला होता. धाकटीचा. बाकी सगळे विषय सुटले, इंग्रजी राहिलं. हे तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, व्याकरणाचं नवं नवं भूत डोक्यात शिरलेलं. धाकटी प्रश्नपत्रिका घेऊन आली आणि म्हणाली, दादा, अर्ज करू या ना, एखादा मार्क बेरजेत सुटला असेल. याने ऐटीत प्रश्नपत्रिका हातात घेतली आणि तिची तोंडी परीक्षा घेतली. इथे काय लिहिलंस? इट इज मी. "मग गेलाच तो मार्क. चूक ती चूक. अर्ज करून काय पदरात पडणार?" वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी शिकलेल्या मुलाचं ऐकलं. अर्जाची तारीख निघून गेली. बेरीज चुकली होती की नव्हती, दुसरा कुठला मार्क सुटला होता का, हे कोणी बघितलंच नाही. पुढच्या महिन्यात धाकटी शिवणाच्या वर्गाला जाऊ लागली. तिला डॉक्टरांच्या हाताखाली काम शिकायचं होतं, दवाखान्यात. त्यानंतर तिने तो विषय घरात काढला नाही आणि यानेही काढला नाही.

"सर, ऐकताय ना?" मॅडम म्हणत होती. "कार्यक्रम होऊन जाऊ दे. मग आपण दोघं शांतपणे बसून काय ते ठरवू. साडेचारपर्यंत वेळ आहे."

"बरं," आयसर म्हणाले.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला, उलट पाच मिनिटं आधीच. घड्याळसाहेबांचं काम ते. खुर्च्या अर्धवर्तुळात, टेबलावर फुलांचा गुच्छ आणि एक लांबट डबी. आयसर नव्या कोटात मधल्या खुर्चीवर बसले, पण लक्ष कशातच नव्हतं. ते मनातल्या मनात हिशेब लावत होते. साडेतीन ते चार भाषणं, चार ते सव्वाचार चहा, मग पंधरा मिनिटं हातात. पंधरा मिनिटांत होईल? आणि समजा निळा दोरा त्या दोनांपैकी नसलाच, तर? नुसत्या बासष्टसाठी स्वतःच्या हाताने स्वतःच्या तोंडाला काळं फासून घ्यायचं? पोरीचंही वाटोळं करायचं? एक मन म्हणे गप बस म्हाताऱ्या, दुसरं मन त्या एकट्या उभ्या रेघेवरून हलेना.

घड्याळसाहेब बोलत होते. "एकतीस वर्षं! मित्रहो, एकतीस वर्षांत एकही गठ्ठा परत नाही. अहो, आमच्या डोळ्यांतून सुटेल, पण आयसरांच्या डोळ्यांतून माशी सुटायची नाही." टाळ्या पडल्या. डबी उघडून त्यांनी आतलं लाल पेन सगळ्यांना दाखवलं. "हे आमच्या सगळ्यांकडून. यापुढे घरी चुका काढायला!" हशा झाला. आयसरांनी पेन हातात घेतलं. समोर खिडकी होती आणि खिडकीबाहेर पटांगणात गाडी उभी होती.

गाडी आली होती. तासभर आधी. लाखवाले मामा आणि गाडीवाला एकेक पोतं दोन बाजूंनी धरून वर टाकत होते. तीन गेली होती. चौथं हातात होतं.

आयसरांनी मॅडमकडे पाहिलं. तिनेही खिडकीतून पाहिलं होतं. तिने मान खाली घातली आणि हिरव्या पेनाचं टोपण काढघाल करू लागली.

"सर, दोन शब्द बोला," कोणीतरी म्हणालं.

ते उठले. दोनदा खाकरले. "तुम्ही म्हणालात, एकही गठ्ठा परत नाही." ते थांबले. "एक यायला हवा. अजून गेला नाही, म्हणून सांगतो. आधी ती गाडी थांबवा. माझ्या पहिल्या गठ्ठ्यात एक मार्क द्यायचा राहिलाय. पेपर नीट पुन्हा बघितला नाही आणि बघितला म्हणून लिहून दिलं. मीच."

सगळे एकदम बोलायला लागले. घड्याळसाहेब दंडाला धरून त्यांना बाजूला घेऊन गेले. "अहो, काय हे? आज? भावनेच्या भरात काहीतरी बोलताय तुम्ही. कळतंय का, सगळी एकोणचाळीसची यादी उपसावी लागेल. हे लोक घरी कधी जाणार?" मागून कोणीतरी ऐकू जाईल अशा बेताने म्हणालं, "स्वतः चालले, जाता जाता आम्हालाही घेऊन बुडाले." आयसरांच्या कानशिलांना आग लागली, पण ते खिडकीशी गेले आणि ओरडले, "मामा! थांबा! टाकू नका!" एकतीस वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. मामांनी पोतं जमिनीवर ठेवलं.

पहिल्या गठ्ठ्याचं पोतं नेमकं गाडीत सगळ्यांत तळाशी. वरची उतरवावी लागली. पंचनाम्याचा कागद झाला, दोन सह्या झाल्या, मामांनी चाकूने लाख फोडली. गठ्ठा टेबलावर आला. यादीतून एकोणचाळीसचे दोन नंबर काढले. पहिला पेपर निघाला. पुरवणीचा दोरा पांढरा होता. तिसऱ्या पानावर चौथा प्रश्न होता, फुली खोडलेली, मार्क दिलेला, सही जिथल्या तिथे. घड्याळसाहेबांनी नाकाने सूं केलं. "झालं समाधान?"

आयसरांनी तो पेपर बाजूला सारला. उरलेल्या अडतीस पेपरांत कुठेतरी तो निळा दोरा असेल, पासष्ट-सत्तर मार्कांवर आरामात बसलेला, आणि आपण उगाच सगळ्यांचा जीव खाल्ला. "दुसरा," ते कसेबसे म्हणाले.

मॅडमने दुसरा पेपर ओढून काढला. मागची बाजू वर होती. दोरा निळा होता.

तिनेच पान उलटलं. पुरवणीच्या शेवटच्या पानावर, ओळीखाली घसरत गेलेल्या अक्षरांत, चौथा प्रश्न होता. सातव्या जागेत त्या पोराने लिहिलं होतं, मी. पुढे आयसरांच्या हातची लाल फुली, ठसठशीत, जराही न थरथरलेली. फुली मारताना आपण किती तोऱ्यात होतो ते आयसरांना आठवलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

नव्या लाल पेनाचं टोपण निघेना. शेजारच्यांनी आपलं पुढे केलं. आयसरांनी फुली खोडली, एक लिहिला, सही केली. वरच्या पानावर एकोणचाळीस खोडून चाळीस लिहिले. मग घड्याळसाहेबांनी जबाबाचा कागद सरकवला. त्यांनी लिहिलं, की पेपर पूर्ण न पाहता पूर्ण पाहिला असं आपण मॉडरेटरना खोटं सांगितलं, चूक सर्वस्वी आपली, मॉडरेटरांचा काही दोष नाही. मॅडमने तो कागद वाचला. क्षणभर तिचा चेहरा उजळला, खोटं कशाला बोला, सुटल्यासारखं तिला वाटलंच. कागद तसाच पुढे सरकवला असता तर कोणी बोट दाखवलं नसतं. पण तिने हिरवं पेन उघडलं आणि खाली एक ओळ घातली, की न पाहता सही केली, ती आपली चूक.

"अग पोरी, कशाला?" आयसर न राहवून सगळ्यांसमोर म्हणाले.

"गप्प बसा सर," ती म्हणाली. डोळे भरले होते. "रागावलेय मी तुमच्यावर. चांगलीच रागावलेय."

सगळ्या टेबलांचे एकोणचाळीस पुन्हा बघेपर्यंत सहा वाजले. आणखी एक सापडला, दुसऱ्या टेबलावर, बेरजेतला. तेव्हा कुरकुर जरा कमी झाली. गाडी गेली. आयसरांचं नाव परीक्षकांच्या यादीतून काढल्याचं घड्याळसाहेबांनी तोंडीच सांगितलं, मनगटाकडे बघत. गुच्छ टेबलावरच राहिला. तो कोणी द्यायचा आणि कोणी घ्यायचा हे कोणाला सुचलं नाही.

घरी पोचले तेव्हा धाकटी मशीनवर बसली होती, कोणाच्यातरी झग्याची बाही उसवत. "उशीर?" ती म्हणाली. "कसा झाला कार्यक्रम? कोट बसला ना खांद्यात?"

आयसर दारातल्या स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. डायरी, निळा दोरा, खिडकी, गाडी. ती हातातली सुई न थांबवता ऐकत होती. लाल फुलीपाशी सुई थांबली.

"मुलगा की मुलगी?"

"कळत नाही. नुसता नंबर असतो."

"पास झाली ना पण?"

"झाली," ते म्हणाले. मग कोटाच्या गुंडीशी चाळा करू लागले. "छोटे, तुझा अर्ज मी करू दिला नाही. तुझा पेपर कोणीतरी परत बघायला हवा होता. चुकलो मी. मार्क असेल नसेल, मी तुला अडवलं. वडिलांना मी नको म्हटलं नसतं तर त्यांनी केला असता अर्ज. मी माझी अक्कल दाखवली."

बाहीचा उरलेला दोरा तिने ओढून काढला, बोटाला गुंडाळला, गुंडाळत राहिली. आयसरांना वाटलं, आता म्हणेल जाऊ दे रे, जुनं झालं ते. त्यांना ते ऐकायचंच होतं, खोटं कशाला बोला.

"विसरले नाहीये मी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "एक दिवस विसरले नाही. दवाखान्यावरून जायला लागू नये म्हणून मी मागच्या गल्लीने बाजारात जाते, तुला माहीत तरी आहे का? चाळीस वर्षं लागली तुला, दादा, एक पेपर पुन्हा बघायला."

आयसरांनी मान खाली घातली. त्यांना रडू आलं आणि त्यांनी डोळे पुसले नाहीत. धाकटीने बाही मशीनवर ठेवली, दिवा जवळ ओढला आणि सुईत नवा दोरा ओवला.

"आज ताटं तू घे," ती म्हणाली. "मला हे पुरं करायचंय."

ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. कोट खुंटीला अडकवून त्यांनी दोन ताटं काढली.